भरल्या गाडीचं माप

“नवरदेव किती किलोचा हाय?” गाडीखालून हसन मिस्त्रींनी विचारलं.

मिस्त्रींचे फक्त दोन पाय बाहेर होते. पायांच्या सगळ्यात जवळ मी उभा होतो, म्हणजे प्रश्न मला होता. मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी आप्पांकडं बघितलं. आप्पा माझे वडील. त्यांनी माझ्याकडं न बघता आईला सांगितलं, “त्याला म्हनावं, शहाण्णव.” आईनं मला सांगितलं, “शहाण्णव.” मी खाली वाकून पायांना सांगितलं, “शहाण्णव.” आम्ही सगळे एकमेकांपासून दोन हातांवर होतो. पण आमच्या घरात जानेवारीपासून निरोप असेच जात होते, आणि मे उजाडेपर्यंत त्यात सगळे इतके तरबेज झाले होते की वेळ फारसा वाया जात नसे.

वजन मात्र बिनचूक होतं. माझ्या बहिणीचा होणारा नवरा हिंदुराव मगदूम पैलवान होता, आणि पैलवानाचं वजन ही झाकून ठेवायची गोष्ट नसते. गेल्याच महिन्यात मैदानात ते कर्ण्यावरून जाहीर झालं होतं. लग्न शुक्रवारी होतं. तो दिवस मंगळवारचा. साल त्र्याऐंशी. जागा, कोल्हापुरात उद्यमनगरात हसन शिकलगार मिस्त्रींच्या शेडमागचं अंगण.

आता ती गाडी.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. अठ्ठावीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस कोल्हापूर-रत्नागिरी. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांकडं लक्ष द्यायला लागतात. आप्पांनी एक जुनी चार दारांची मोटार घेतली आणि लोखंड कापायच्या करवतीनं तिचं छप्पर कापून काढलं. वरातीसाठी उघडी गाडी करायची होती. नवरा-नवरी लोकांना दिसली पाहिजेत, आणि लोकांना ड्रायव्हरही दिसला तर आप्पांची हरकत नव्हती.

यामागं अज्ञान नव्हतं, उलट अनुभव होता. आप्पांच्या मते गाडी म्हणजे बस, आणि बस कशी जन्माला येते हे त्यांनी बघितलं होतं. आधी नुसती चासी येते, उघडी, लोखंडी. तिच्यावर एक खुर्ची ठोकतात, डोळ्यांना गॉगल लावून ड्रायव्हर ती वर्कशॉपपर्यंत चालवत आणतो, आणि मग घर बांधावं तशी वर बॉडी बांधतात. आप्पांनी स्वतः अशा चासी वारा खात चालवत आणल्या होत्या. तेव्हा छप्पर म्हणजे प्रवाशांना सावलीची सोय, ही त्यांची प्रामाणिक समजूत. आपल्या मोटारीच्या पोटाखाली चासी आहे का, हे त्यांनी वाकून बघितलं नाही. देवळात शिरताना आपण आत देव आहे का म्हणून विचारत नाही, तसंच.

नव्हती.

पहिली वरात जानेवारीत होती. मागं नवरा-नवरी, पुढं करवली, स्टेरिंगवर आप्पा. गाडी महाद्वार रोडला मधोमध खचली. फार नाही, दोन बोटं. पण तेवढ्यानं चारही दारं आपापल्या चौकटीत अशी रुतली की काही केल्या उघडेनात. नवरदेवाचे मामा हँडल ओढायला गेले आणि हँडल घेऊन घरी गेले. शेवटी कुणीतरी स्टूल आणलं आणि नवरीला दारावरून बाहेर काढलं. बँडवाल्यांना थांबायला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं हा कार्यक्रम वाजतगाजत झाला.

त्या काळी मी गावातल्या एका दैनिकात मुद्रितं तपासत असे आणि दर मंगळवारी एक विनोदी सदर लिहीत असे. विषय शोधत गावभर फिरावं लागायचं. या वेळी विषय आमच्याच दारात उभा होता. मी लिहिलं की आमच्या गावातल्या एका गृहस्थांकडे एक विनयशील मोटार आहे. पाहुणे आत बसताच ती कमरेतून वाकून नमस्कार करते, आणि तिचं आदरातिथ्य एवढं दांडगं की आलेल्या पाहुण्याला जाऊच देत नाही. गाव हसलं. संपादकांनी पाठ थोपटली. आणि त्या दिवसापासून आप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले.

रागावले नाहीत, ओरडले नाहीत. जेवताना आईला म्हणायचे, त्याला भाकरी वाढ. बस. बापाची जाहीर थट्टा केली, तेव्हा एवढं होणारच, असं मी धरून चाललो. माफी मागावी असं दोनतीनदा वाटलं, पण माफी मागायची तर समोरचा माणूस समोर थांबावा लागतो.

आणि अशात माझ्या धाकट्या बहिणीचं, शालनचं, लग्न ठरलं. आप्पांनी घरात जाहीर केलं की लेक सासरी जाईल ती ह्याच गाडीतून, आणि चालवणार ते स्वतः. चुलत्यांनी समजावलं, नवरीच्या बापानं ड्रायव्हर होऊ नये, चारचौघांत दिसतं कसं. आप्पा म्हणाले, अठ्ठावीस वर्षं लोकांच्या लेकी सासरी पोचवल्या, तेव्हा कुणी नावं ठेवली नाहीत. मग भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात पुढचं सांगितलं. शुक्रवारी पुन्हा गाडी वाकली तर शनिवारी ती भंगारात जाईल, आणि त्यानंतर आपण स्टेरिंगला हात लावणार नाही. आप्पा सांगितलेल्या वेळेला सुटणारे ड्रायव्हर होते.

हसन मिस्त्रींनी गाडी बघितली, आत जाऊन चपलांचं एक पुठ्ठ्याचं खोकं आणलं, झाकण लावून आप्पांच्या हातात दिलं आणि पिळा म्हणाले. पिळेना. मग झाकण काढून दिलं. खोकं जिलबीसारखं वळलं.

“तुमच्या बशीला चासी असती,” मिस्त्री म्हणाले. “हिला न्हाई. हिचं अंग हीच हिची चासी. तुमी तिचं झाकन काढलंसा.”

आप्पांनी ते खोकं दोनतीनदा वळवून बघितलं. मिस्त्री परत मागायला लागले तरी दिलं नाही.

उपाय होता. दोन्ही अंगांना दाराखालून जाड लोखंडी चॅनेल आणि पोटाखाली पाइपांची फुली, असं सगळं डागून टाकायचं. पण मिस्त्रींची एक रीत होती. उघडी गाडी रिकामी असताना ते बांधत नसत. रिकामी गाडी सरळ दिसते, आत माणसं बसल्यावर तिचा खरा आकार कळतो, असं त्यांचं म्हणणं. शुक्रवारी जेवढा भार असेल तेवढाच आत बसवायचा, खालून जॅक देऊन खचलेली कंबर वर घ्यायची, चारही दारांच्या फटी सारख्या करायच्या, आणि त्याच अवस्थेत लोखंड जोडायचं. चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं, मध्ये निवू द्यायचं. तीन तास लागणार. तोवर आतल्यांनी हलायचं नाही.

म्हणून मिस्त्री वजनं विचारत होते. आप्पांच्या जागी आप्पा, शालनच्या जागी शालन. शालू आणि दागिन्यांचे चार किलो तिच्या अंगावर चढणार होते, म्हणून तिच्या मांडीवर पान्यांचा एक जुडगा ठेवला. पुढं पाठराखीण म्हणून मावशी बसणार होती. मावशीला वजन विचारायचं धाडस आमच्या घराण्यात कुणात नव्हतं, पण ती आणि आई एकमेकींची पोलकी घालायच्या, तेव्हा तिथं आई बसली. हिंदुरावांच्या जागी मी. मी भरलो चौपन्न. उरलेल्या बेचाळीस किलोंचं लोखंडाच्या तुकड्यांचं पोतं मिस्त्रींनी काट्यावर मोजून माझ्या मांडीवर दिलं.

शालननं पोत्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, नवरा म्हणून पोतंच बरं, उलट तरी बोलत नाही. तीन दिवसांवर लग्न आलंय, आता तरी तोंडाला कुलूप घाल, असं आई पुढूनच म्हणाली.

पेट्रोलची टाकी काढून करंजाच्या झाडाखाली ठेवली होती. बॅटरी काढली होती. सीटखाली ओली पोती अंथरली होती. असा आमचा सगळा बंदोबस्त झाल्यावर दुपारी दोनच्या सुमाराला मिस्त्रींनी शेवटची सूचना केली. वेल्डिंगचा उजेड डोळ्यांना वाईट, तेव्हा खाली बघायचं नाही. सगळ्यांनी सरळ पुढं बघायचं.

पुढं पत्र्याची भिंत होती. कधीकाळी पांढरी असावी. वरून खाली गंजाचे ओघळ आले होते, आणि बघत राहिलं की ते एकामागं एक उभ्या असलेल्या डोंगरांसारखे दिसत होते. वर करंजाची फांदी आली होती. छप्पर नसल्यामुळं तिची फुलं थेट आत पडत होती, लाह्यांसारखी, एकेक.

“ड्रायव्हरनं ड्रायव्हरसारखं बसा,” पाय म्हणाले. “हात स्टेरिंगवर. मागं रेलला तर भार मागं जातोय.”

आप्पांनी दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवले. त्यांची पाठ ताठ झाली. खालून निळा उजेड उठला, तव्यावर तीळ तडतडावेत तसा आवाज सुरू झाला आणि गाडीच्या अंगातून एक बारीक थरथर सुटली. इंजिन बंद होतं. पण स्टँडवर सुटायच्या आधी बस उभ्या जागी थरथरते, ती थरथर आमच्या सगळ्यांच्या ओळखीची होती. मी बघितलं, आप्पांचा डावा हात सावकाश गिअरवर गेला.

“कुठं निघालाय?” आईनं विचारलं.

“रत्नांग्री,” आप्पा म्हणाले.

आईनं पदर सारखा केला. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण आप्पांच्या गाडीत ती एकदाही बसली नव्हती. ड्युटीवर घरची माणसं घ्यायची नाहीत, हा आप्पांचा स्वतःचा नियम. एसटीनं असा काही नियम केला नव्हता, त्यामुळं तो मोडायला कुणाची परवानगीही मागता येत नव्हती. रोज पहाटे आमच्या घरातून एक डबा रत्नागिरीला जायचा आणि रिकामा होऊन परत यायचा. समुद्र आम्हाला ठाऊक होता तो सुक्या मासळीच्या पुडीएवढा.

पंचगंगेचा पूल गेला. आप्पांनी तसं सांगितलं म्हणून नव्हे. पुलावर येताना त्यांचा खांदा किंचित उचलला गेला आणि उतरताना खाली आला, तेवढ्यावरून मला कळलं. केर्लीच्या पुढं चढ लागला. त्यांनी गिअर खाली घेतला. वाघबिळाला पन्हाळ्याचा फाटा डावीकडं सुटला, आणि आई, जी कधी या रस्त्याला आली नव्हती, डावीकडं डोळे वळवून म्हणाली, “ह्योच का पन्हाळ्याचा?”

“ह्योच.”

मिस्त्री एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला सरकले. आवाज थांबला. लोखंड निवायला ठेवलं होतं. आप्पा म्हणाले, बांबवडे आलं, दहा मिनिटं थांबा आहे, पण उतरायचं नाही, मिस्त्री ओरडेल. म्हणून आम्ही बांबवड्याला दहा मिनिटं थांबलो. कुणी हललं नाही. समोर पत्रा तापून तडकत होता. एक कोंबडी डाव्या चाकापाशी आली आणि पोटाखालचा प्रकार बघून निघून गेली. मिस्त्रींनी पुन्हा वेल्डिंग सुरू केलं, आप्पांनी गाडी काढली, आणि बऱ्याच वेळानं आई म्हणाली, “हितला च्या लई ग्वाड करत्यात.”

ते मला पटलं, हे इथं नमूद करायला हवं. माझ्याही जिभेवर साखर होती.

मलकापूर मागं पडलं. वारा बदलला. मला पोत्याचं वजन लागेनासं झालं. पाय कधीच बधिर झाले होते, त्यामुळं ते माझ्याबरोबर आहेत की कोल्हापुरातच राहिलेत, हे सांगता येत नव्हतं. शालनच्या केसांत करंजाची फुलं साठली होती, तिनं ती झटकली नाहीत. तिला हलायचं नव्हतं. आप्पा मधूनच काहीतरी बोलत होते, पण ते सांगितल्यासारखं नव्हतं, स्वतःशी मोजल्यासारखं होतं. इथं एक वड होता, तोडला. इथं एक म्हातारी रोज हात करायची आणि गाडी थांबवली की म्हणायची, जायचं नाही, नुसतं बघते. इथनं पुढं जांभळं. इथनं पुढं धुकं.

मे महिना, दुपारचे साडेतीन, उद्यमनगर. दाराखालून वेल्डिंगचा धूर वर आला आणि पुढच्या काचेवर पसरला. आईनं पदर कानांभोवती गुंडाळून घेतला.

“आंबा घाट,” आप्पा म्हणाले.

गाडी हळू झाली. आप्पांचे हात स्टेरिंगवर एकदा असे, एकदा तसे, तसूतसूनं फिरत होते. समोरून काहीतरी येत असावं, कारण ते थांबले. डावीकडं सरकले. पुन्हा थांबले.

“डावीकडनं किती हाय, बघ म्हनावं त्याला.”

हा निरोप आईनं माझ्याकडं पोचवायचा होता. ती गप्प राहिली. हलायचं नव्हतं म्हणून असेल. माझ्या डावीकडं तेलाचा रिकामा डबा होता आणि त्याच्या पलीकडं दरी होती. दरीच्या तळाशी धुकं साठलं होतं. मान न वळवता मी शक्य तेवढं बघितलं.

“वीतभर,” मी म्हणालो.

आप्पा थांबून राहिले. एसटीच्या ड्रायव्हरला नुसतं अंतर सांगून भागत नाही. मी पोत्याच्या तोंडातून एक लोखंडी तुकडा उचलला आणि दुसऱ्यावर दोनदा मारला. टण टण. आप्पांनी गिअर टाकला. आम्ही त्या वळणावरून गेलो. वरच्या आरशात त्यांचे डोळे एकदा माझ्यावर आले आणि पुन्हा रस्त्यावर गेले.

“आप्पा,” शालन म्हणाली, “समुद्र किती लांब ऱ्हायला?”

“हातखंबा गेला की वास येतोय. दिसतोय नंतरनं.”

“सावकाश चालवा. मला घाई न्हाई.”

आप्पांनी सावकाश चालवली. साखरपा आलं, दाभोळे आलं. लाल माती सुरू झाली. कौलारू घरं, कुंपणाला लागून काजू. आई एकेका घराकडं बघत होती, एका घरापुढं कुणीतरी वाळवण घातलं होतं ते तिनं शालनला दाखवलं. पालीला पुन्हा निवायला थांबलो. चौघंजण एकाच दिशेला तोंड करून इतका वेळ कधी बसलो नव्हतो. घरात माणसं गोल बसतात, त्यामुळं कुणाची ना कुणाची नजर टाळावी लागते. इथं ती सोय आपोआप झाली होती.

हातखंब्याला पोचलो आणि पाय बाहेर आले. त्यांच्यामागून उरलेले हसन मिस्त्री आले, तोंड काळं, डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर.

“झालं,” ते म्हणाले. “उतरा आता.”

कुणी उतरेना.

“आता जवळच आलं हुतं की ओ,” आई त्यांना म्हणाली.

मिस्त्रींनी आईकडं बघितलं. मग आप्पांच्या हाताखालच्या गिअरकडं बघितलं. गाड्या बांधून बांधून त्यांना गिऱ्हाइकांची सवय असणार.

“फुडचं फुडल्या खेपंला,” आप्पा म्हणाले आणि गिअर मोकळा केला.

आम्ही आत असतानाच मिस्त्रींनी प्रत्येक दाराच्या फटीतून एक जुनं पोस्टकार्ड वरपासून खालपर्यंत फिरवलं. कुठं अडलं नाही. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली, मग तीच उलट्या कोपऱ्यांना लावली. दोन्हीकडं सारखी भरली. मग चारही दारं उघडून आम्हाला एकेकाला बाहेर काढलं. माझ्या पायांना कोल्हापूर ओळखायला थोडा वेळ लागला.

शुक्रवारी अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि चारच्या सुमाराला मांडवाच्या दाराशी, दारांसकट फुलांच्या माळांनी बांधलेली गाडी लागली. नेहमीपेक्षा गर्दी जास्त होती. माझं सदर वाचणारी मंडळी त्यात बरीच होती. नमस्कार बघायला आली होती. हिंदुराव बसले. शालन बसली. पुढं मावशी बसली. आप्पांनी कुणाकडं बघितलं नाही. हिंदुरावांनी एका बोटानं दार ओढलं आणि ते टक् करून लागलं. गाडी ताठ उभी होती. गर्दीतून कुणीतरी निराश होऊन घरी जायला वळलं, ते मी बघितलं.

सासर कागलच्या पलीकडं, वीसेक किलोमीटरवर. मी मागच्या ट्रकात भांडी आणि रुखवत धरून बसलो होतो. पुढं ती उघडी गाडी उसातून सावकाश चालली होती. शालनच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं फुगत होता. सावकाश चालवा, असं तिनं सांगितलं नसणार, तरी आप्पा तशीच चालवत होते. गावात पोचल्यावर दारं उघडली. हिंदुराव उतरले, शालन उतरली. माप ओलांडून आत जाताना तिनं एकदा मागं बघितलं. आप्पा दाराच्या फटीवरून अंगठा फिरवत होते.

मावशी पाठराखीण म्हणून तिथं राहिली. वडिलांबरोबर गाडीतून ये, असं आईनं मला निघतानाच बजावलं होतं. मी पुढं, आप्पांच्या शेजारी बसलो. दिवस मावळायला अजून तासभर होता. ऊस पिवळाधमक दिसत होता.

गावाबाहेरच्या ओढ्यापाशी चाक खड्ड्यात गेलं आणि मागचं दार उघडलं. आप्पांनी गाडी थांबवली. मी उतरून दार लावलं. शंभर पावलांवर दुसरं उघडलं. तेही लावलं. मग दोन्ही उघडली आणि पाखराच्या पंखांसारखी हलत राहिली. दारं लागत होती, पण धरत नव्हती. फट वरच्या अंगाला बोटभर वाढली होती. आप्पा खाली उतरले, फटीत करंगळी घालून बघितली. मग मागच्या रिकाम्या सीटकडं बघत उभे राहिले. काय झालं होतं ते आम्हा दोघांना एकदमच कळलं. गाडी भरलेली असताना बांधली होती. रिकामी झाल्यावर ती मिटत नव्हती.

आप्पा स्टेरिंगवर जाऊन बसले. इंजिन चालू होतं. समोर बघत ते म्हणाले, “मागं जाऊन बस.”

हा निरोप नव्हता. मध्ये कुणी नव्हतं. मी मागं गेलो, मधोमध बसलो आणि दोन्ही हात पसरून दोन्ही दारं धरली. बुजगावण्यासारखा. माझं वजन चौपन्न, त्यानं फट भरण्यासारखी नव्हती. तसेच निघालो.

कागल गेलं. मग आप्पा बोलले. आरशात बघितलं नाही.

“त्या लेखात ‘एक गृहस्थ’ लिवलंस.”

“सदरात कुणाचं नाव घेत नाहीत, आप्पा.”

“चोराचं घेत्यात. पुढाऱ्याचं घेत्यात.” चाक खड्ड्यातून गेलं, मी दारं ओढून धरली. “गाव हासलं त्याचं काय न्हाई. गाडी वाकली, मानसं हासनारच. मी बी हासलो.”

“तुम्ही?”

“दर मंगळवारी हासतोय. त्या दिशी बी दारात बसून वाचत हुतो, हासत हुतो. निम्म्यात आल्यावर कळलं, गृहस्थ कोन त्ये.” आप्पांनी गिअर बदलला. “मग म्हटलं, गावाला ठावं हाय कुनाची गाडी. ह्यालाच तेवढी सांगायची लाज वाटली.”

पाच महिने मी चुकीच्या गुन्ह्याची माफी तयार करून ठेवली होती. ती तिथं उपयोगाची नव्हती. दुसरी तयार नव्हती.

“फुडच्या टायमाला,” आप्पा म्हणाले, “नाव टाक.”

माझे दोन्ही हात गुंतले होते, त्यामुळं डोळे पुसता आले नाहीत. उघड्या गाडीत वारा असतो, तेवढं बरं.

आप्पांनी ती गाडी पुढं सहा लग्नसरायांना चालवली. भरलेली कधी वाकली नाही. येताना रिकामी मात्र कधी मिटली नाही, आणि दारं धरायला मागं कुणीतरी लागायचं. ते काम माझ्याकडंच राहिलं. आप्पा समोर बघून बोलायचे, मी हात पसरून ऐकायचो. ज्या काही चार गोष्टी माझ्या वडिलांबद्दल मला ठाऊक आहेत, त्या मला त्या रस्त्यांवर कळल्या.

त्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी मी वरातीवर पुन्हा लिहिलं आणि नाव घातलं. संपादकांनी ते खोडलं. सदराचं धोरण आहे म्हणाले. नवीन होतो, नोकरी होती, मी गप्प बसलो. मी अंक घेऊन घरी गेलो तेव्हा आप्पांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि घडी करून ठेवला. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. नंतर मी बत्तीस वर्षं सदरं लिहिली, पुष्कळांची नावं घेतली, काहींनी नोटिसा पाठवल्या, आणि दर वेळी हे एक राहूनच गेलं.

इथं खोडायला कुणी नाही. ती मोटार माझ्या वडिलांची होती. त्यांचं नाव केरबा सखाराम सासने.